डोळा आळशी की मेंदू? लेकीच्या एमआरआयबद्दल विचारायचं होतं

होटगीरोडकर | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

लेक सहा वर्षांची, पहिलीत. दिवाळीत मामाकडे गेली होती. मामाने खेळता खेळता तिचा एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचा आजचा आकडा विचारला. डावा झाकला, लगेच सांगितला. उजवा झाकल्यावर म्हणाली, "मामा, आकडे कुणी पुसले?" आम्हाला वाटलं नाटक करतेय. शाळेच्या तपासणीत तर कार्डावर नॉर्मल लिहून आलं होतं. नंतर तिच्याकडूनच कळलं की तिथे दोन्ही डोळे उघडे ठेवूनच तक्ता वाचून घेतला होता.

डॉक्टरांकडे नेलं. उजव्याला +१, डाव्याला +४.५. चष्मा लावूनही डाव्याने ६/२४ च, म्हणजे चांगल्या डोळ्याला २४ मीटरवरून दिसतं ते हिला ६ मीटरवरून. आता दोन महिने चष्मा झाला, थोडासाच फरक आहे, म्हणून कालपासून उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली आहे.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तिथे एक मोठ्या माशीचं चित्र दाखवतात, काळा चष्मा घालून. माशीचे पंख चिमटीत धर म्हणाले. लेकीने बोट सरळ कागदावर टेकवलं आणि "हे काय, चित्र आहे" म्हणून माझ्याकडे बघितलं. मग बायकोने तोच चष्मा घातला. तिची चिमूट कागदाच्या वर, हवेतच थांबली आणि "ई!" करून तिने हात मागे घेतला. एकच कागद, एकच चष्मा.

डॉक्टर म्हणाल्या, याला आळशी डोळा म्हणतात; डोळा तसा ठणठणीत आहे, मेंदू त्याचं ऐकत नाही. मग मेंदूच बघायला नको का? ऑफिसातला एक जण सांगतोय की आता असा एमआरआय निघालाय ज्यात कोणता डोळा मेंदूत किती पोचतोय ते रंगात दिसतं. सोलापुरात होत नसेल तर पुणे, हैदराबाद कुठेही जायची तयारी आहे. कुणाला अनुभव?

---

चुंबकवाला | १२ जानेवारी, रात्री ११:१५

मी इथल्याच एका सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे. आमचा धंदा बुडवून सांगतो, डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर करू नका.

आमचं मशीन १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). त्यात गाठ दिसेल, सूज दिसेल, रक्तस्राव दिसेल. आळशी डोळ्यासाठी मेंदूचा साधा एमआरआय केला तर रिपोर्ट नॉर्मल येणार. शाळेच्या कार्डासारखाच. वर पोरगी सहा वर्षांची. बोगद्यात वीस-पंचवीस मिनिटं न हलता झोपायचं, त्यात तो ठकठक आवाज. एवढी लहान मुलं बऱ्याचदा गुंगीचं औषध दिल्याशिवाय टिकत नाहीत.

तुमचा मित्र म्हणतोय तो फंक्शनल एमआरआय. तो वेगळा प्रकार, आमच्याकडे होत नाही.

---

शेंगाचटणी | १३ जानेवारी, सकाळी ८:०५

यात एवढं काय? डावा डोळा उजव्या मेंदूत जातो, उजवा डाव्यात. कोणती बाजू पेटत नाही ते बघायचं, झालं की काम.

(गड्ड्याच्या जत्रेला कोण कोण येतंय? नंदीध्वज बघायला जागा धरून ठेवतो.)

---

कंबरतलाव | १३ जानेवारी, रात्री ९:३०

शेंगाचटणी, तेवढं सोपं असतं तर माझी अर्धी पीएचडी वाचली असती. मी मूळची सोलापूरचीच. बाहेर याच विषयाच्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढली, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी एक गैरसमज. डावा डोळा पूर्ण उजव्या मेंदूत जात नाही. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचे दोन अर्धे धरा. नाकाकडच्या अर्ध्यातले तंतू वाटेत पलीकडे जातात, कानाकडच्या अर्ध्यातले आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग, दोन्ही डोळ्यांनी पाहिलेला, उजव्या मेंदूत पोचतो आणि उजवा अर्धा डाव्यात. म्हणजे एका बाजूच्या मेंदूत दोन्ही डोळ्यांचा माल उतरतो. एक डोळा कमजोर म्हणून एक बाजू अंधारात असं होत नाही.

पण माल एकत्र उतरला तरी लगेच मिसळत नाही, आणि गंमत तिथेच आहे. मध्ये मेंदूच्या आत खोल, थॅलॅमस नावाच्या भागात एक थांबा लागतो, तिथे सहा थर असतात. १, ४ आणि ६ पलीकडच्या डोळ्याचे, २, ३ आणि ५ अलीकडच्या. तिथून तंतू डोक्याच्या मागच्या टोकाला, दृष्टीच्या पहिल्या केंद्रात जातात. तिथेही चौथ्या थरात डावा आणि उजवा वेगवेगळे उतरतात. एक पट्टा डाव्याचा, शेजारचा उजव्याचा, पुन्हा डाव्याचा. माणसात एक पट्टा साधारण १ मिलिमीटर रुंद. वरून बघितलं तर झेब्र्याच्या अंगासारखं दिसतं. त्या थराच्या वर-खाली मात्र दोन्ही डोळ्यांचं ऐकणाऱ्या पेशी लागतात, आणि खोली कळते ती अशा पेशींच्या जोरावर.

हे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी शोधलं. १९५८ च्या सुमाराला ते मांजराच्या मेंदूत बारीक तार घालून एकेका पेशीचा आवाज स्पीकरवर ऐकत बसायचे. काचपट्टीवरचे ठिपके दाखवून दाखवून कंटाळले, पेशी ढिम्म. मग काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली आणि पेशी मशीनगनसारखी कडकडायला लागली. तिला ठिपका नको होता, कड हवी होती.

पुढे १९६३ मध्ये त्यांनी मांजरीच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली. काही आठवड्यांनी उघडली. डोळा चांगला होता, पण मेंदूतल्या जवळजवळ कुठल्याच पेशीला त्या डोळ्याचं काही ऐकू येत नव्हतं. मोठ्या मांजराचा डोळा कितीही दिवस मिटून ठेवला तरी असं होत नाही. तुमच्या डॉक्टरांच्या वाक्याचं मूळ इथे आहे. दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं, रॉजर स्पेरींबरोबर वाटून.

फंक्शनल एमआरआयबद्दल उद्या लिहिते, इथे परदेशात पहाट व्हायला आली.

---

मागकाका | १४ जानेवारी, दुपारी ३:२०

नातू टाइप करून देतोय. मी अशोक चौकाकडे बत्तीस वर्षं मागावर होतो, शेवटची दहा वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा.

ताईंचं ते पट्ट्याचं वाचून हसू आलं. हे तर आमचंच काम की. बीमवर ताणा, म्हणजे उभ्या तारा, भरताना ठरतं, लाल तारा किती, पांढऱ्या किती. रुंदी बदलत नाही. लालच्या तारा कमी पडल्या तर तेवढी जागा पांढरा खातो. चादर लांबून सारखीच दिसते, जवळ गेलं की लाल पट्टा सुतळीएवढा. त्या मांजराच्या पिल्लाचं असंच झालं का?

दुसरं. तार तुटली की फणीच्या घरातून परत ओवून घ्यावी लागते. मी जन्मभर डावा डोळा मिटूनच ओवली. मुकादम म्हणायचा, नेम धरतोस काय रे. घरात चहा मी ओतला की बशीत हमखास सांडतो, बायको मला किटली देत नाही. परवा हा धागा वाचून उजव्या डोळ्यावर हात धरला, तर मोबाइलवरची अक्षरं कापसासारखी. चौसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नाही.

---

शेंगाचटणी | १४ जानेवारी, दुपारी ३:४१

काका _/\_

माझी वरची पोस्ट मागे घेतो.

---

कंबरतलाव | १४ जानेवारी, रात्री १०:०२

मागकाका, दंडवत. तुम्ही जे बीमचं सांगितलंत तेच ह्युबेल-वीझलनी माकडात दाखवलं. एका डोळ्यात किरणोत्सारी द्रव्य टोचलं की ते तंतूंमधून प्रवास करत मेंदूपर्यंत पोचतं आणि तेवढ्याच डोळ्याचे पट्टे चमकतात. पापणी शिवलेल्या पिल्लाचे पट्टे चिंचोळे झाले होते आणि शेजारच्या डोळ्याचे पसरले होते. जोडीची एकूण रुंदी तेवढीच.

आता मशीनचं. फंक्शनल एमआरआय पेशींचा आवाज ऐकत नाही, रक्त बघतो. प्राणवायू असलेलं आणि प्राणवायू देऊन टाकलेलं रक्त चुंबकाला वेगवेगळं वाटतं, हे १९३६ मध्ये पॉलिंग आणि कोरिएल यांनी सांगितलं होतं. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी त्यावरून मेंदूचं चित्र काढायची वाट दाखवली. पेशी कामाला लागल्या की तिकडे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं आणि पाच-सहा सेकंदांनी सिग्नल शिगेला पोचतो. म्हणजे बातमी उशिरा येते, आणि तीही शेजाऱ्याकडून.

माणसाला आत झोपवायचं. असा चष्मा द्यायचा की एका वेळी एकाच डोळ्याला हलता चौकटपट दिसेल. वीस-तीस सेकंद डावा, मग उजवा, असं कित्येकदा. शेवटी चित्राच्या प्रत्येक बारीक कणाशी डाव्याच्या आकड्यातून उजव्याचा वजा करायचा.

अडचण कणाच्या आकाराची आहे. नेहमीच्या ३ टेस्लाच्या अभ्यासात एक कण २ ते ३ मिलिमीटरचा असतो. पट्टा १ मिलिमीटरचा. एका कणात दोन्ही डोळे येतात, वजाबाकी केली की हातात जवळपास काही उरत नाही. लाल-पांढरी चादर गच्चीवरून बघितली तर गुलाबी दिसते, तसं. म्हणून बारीक कण आणि ताकदवान चुंबक वापरून १९९७ मध्ये रवी मेनन आणि सहकाऱ्यांनी ४ टेस्लावर हे पट्टे टिपले, २००१ मध्ये जपानच्या रिकेन संशोधन संस्थेत कांग चेंग यांच्या गटाने जास्त स्वच्छ टिपले, आणि २००७ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात एसा याकूब यांच्या गटाने ७ टेस्लावर. खरे पट्टे आहेत की नुसती खरखर, हे ठरवायचा सरळ उपाय म्हणजे त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आत घालायचं. पट्टे त्याच जागी उमटले तर खरे.

डोकं अर्धा मिलिमीटर हललं की सगळं पाण्यात. दातात पकड धरून पडलेली मोठी माणसं मी पाहिली आहेत, त्यात मी पण होते. वर मेंदूच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या शिरा. रक्त त्यांच्यातून वाहून जाताना सिग्नल सोबत नेतं, त्यामुळे चित्रात भलतीच जागा उजळते. आमचे महिनोन् महिने या शिरांशी भांडण्यात गेले. होटगीरोडकर, सहा वर्षांच्या मुलीला यातून जायची गरज नाही. हे संशोधन आहे, तपासणी नाही.

---

होटगीरोडकर | १४ जानेवारी, रात्री १०:४८

ताई, मनापासून आभार. म्हणजे लेकीच्या डोक्यातही डाव्या डोळ्याचे पट्टे चिंचोळे झालेत, असं समजायचं का? दोन दिवस हेच डोळ्यासमोर येतंय.

---

कंबरतलाव | १५ जानेवारी, सकाळी ७:१५

नाही! हे कालच लिहायला हवं होतं.

पापणी शिवणं म्हणजे आकार दिसणंच पूर्ण बंद. जन्मतः मोतीबिंदू असणं त्याच्या जवळ जातं. तुमच्या लेकीला डाव्याने दिसत होतं, धूसर. हा वेगळा प्रकार आहे. दोन डोळ्यांच्या नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेल्या एका व्यक्तीचा मेंदू मृत्यूनंतर जोनाथन हॉर्टन आणि मायकेल स्ट्रायकर यांनी तपासला, १९९३ मध्ये. पट्टे दिसतील असं रंगवून पाहिलं. पट्टे आकसलेले नव्हते, दोन्ही डोळ्यांचे सारखेच. तिरळेपणामुळे आळशी झालेल्या डोळ्याच्या एका मेंदूतही हॉर्टन यांना पुढे तेच दिसलं.

काकांच्या भाषेत, ताण्यात तारा पूर्ण आहेत. त्या तारांवरून येणारं पुढे विणताना नीट घेतलं जात नाही. जिवंत माणसांच्या फंक्शनल एमआरआयमध्ये आळशी डोळ्याला चित्र दाखवलं की त्या केंद्रातला प्रतिसाद कमी भरतो, त्याआधीच्या थॅलॅमसच्या थांब्यावरसुद्धा. नेमका घोटाळा कुठे होतो यावर अजून वाद आहेत आणि मी त्या वादात एका बाजूने आहे, त्यामुळे इथे थांबते.

---

चिमणी_सहाबायसहा | १५ जानेवारी, दुपारी १:३०

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, सोलापूरच. ओपीडीतून जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

मेंदू बघायचाच असेल तर व्हीईपी नावाची तपासणी असते. डोक्याच्या मागे पेस्ट लावून चकत्या चिकटवतात, एक डोळा झाकून काळ्या-पांढऱ्या चौकटी उलटसुलट होताना दाखवतात, साधारण १०० मिलिसेकंदाला एक लाट येते. मग दुसरा डोळा. आळशी डोळ्याची लाट बुटकी असते, कधी उशिरा येते. गावात होते, बोगदा नाही, आवाज नाही. पण नंबरातला फरक समोर असताना मी ती करायला सांगणार नाही. बोलता न येणाऱ्या बाळाला, किंवा दृष्टी का कमी आहे याचा मेळ लागत नसेल तेव्हा तिचा खरा उपयोग. आणि खरं सांगायचं तर तुमच्या लेकीने बोट कागदावर टेकवलं तेव्हाच तिच्या मेंदूची तपासणी झाली.

आता पट्टी. दोनच तास म्हणून तुमच्या मनात शंका असणार, सगळ्यांच्या असते. अमेरिकेत २००३ मध्ये सात वर्षांखालच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, ६/१२ ते ६/२४ वाल्यांवर. रोज दोन तास आणि रोज सहा तास, चार महिन्यांनी सुधारणा सारखीच. मात्र त्या वेळात तासभर जवळचं काम करायला सांगितलं होतं. टीव्हीसमोर बसवून पट्टी लावू नका.

चष्मा दिवसभर. पट्टी दोन तास आणि चष्मा कपाटात, असं करणारे पालक आठवड्याला दोन तरी येतात. चष्म्याने पडद्यावर चित्रच स्पष्ट पडलं नाही तर मेंदूने ऐकायचं काय?

आणि कापडाची पट्टी चष्म्यावर लावली तर मूल नाकाच्या बाजूने डोकावतं. आमच्याकडे एका पठ्ठ्याने कात्रीने बारीक भोक पाडलं होतं, आईला महिनाभर पत्ता नाही. त्वचेला चिकटणारी घ्या.

काका, तुम्ही येऊन जा. या वयात पट्टीने फार काही हाती लागेल असं नाही, पण तुमचा चालतो तो एकच डोळा आहे. त्याचा दाब, मोतीबिंदू, पडदा वर्षातून एकदा बघायलाच हवा. नातवंडांचेही डोळे एकेक झाकून तपासून घ्या.

---

मागकाका | १५ जानेवारी, सायंकाळी ६:१०

येतो. पंचाण्णव साली धोटा उडून उजव्या कानाजवळून गेला होता, भिंतीचं प्लास्टर पडलं. तेव्हा कान वाचला म्हणून सिद्धरामेश्वराला नारळ फोडला. डोळा वाचला हे आज कळलं.

---

निसर्गमित्र_७७ | १६ जानेवारी, सकाळी ६:५०

गाईच्या तुपाचे दोन थेंब नाकात, आणि पहाटे अनवाणी गवतावर. नंबर जातो. आमच्या ओळखीत गेलाय.

---

चिमणी_सहाबायसहा | १६ जानेवारी, दुपारी १:१२

गवतावर चाला, चांगलंच आहे. पण मुलांच्या बाबतीत आजमावून बघण्यात वर्ष घालवू नका. सात वर्षांनंतर दार बंद होतं असं नाही. ७ ते १२ वयाच्या मुलांत चष्म्याबरोबर पट्टी आणि चांगल्या डोळ्यात घालायच्या औषधी थेंबांचे उपचार केल्यावर ५३ टक्के सुधारली, नुसत्या चष्म्यावर २५ टक्के. पण जितकं लवकर तितकं कमी कष्टात.

---

शेंगाचटणी | १६ जानेवारी, रात्री ९:००

कंबरतलाव ताई, त्या झेब्र्यावर काहीतरी घरी करून बघण्यासारखं सांगा की. पोरं मागे लागलीत.

---

कंबरतलाव | १७ जानेवारी, सकाळी ६:४०

कागदावर डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद ३० सेंटिमीटरच्या आसपास मागेपुढे करा. एका जागी ठिपका गुडुप होईल. तिथे डोळ्यातून नस बाहेर पडते, पडदाच नसतो.

उजव्या डोळ्याला तेवढा तुकडा दिसत नाही, म्हणून मेंदूत त्या तुकड्याच्या वाट्याची जागा एकट्या डाव्या डोळ्याची. झेब्र्याच्या अंगावर तेवढाच एक लांबट गोल बिनपट्ट्यांचा. रंगवलेल्या मेंदूत तो स्पष्ट दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चहा विसरले होते.

---

होटगीरोडकर | १९ मे, रात्री ११:२०

बरेच दिवस झाले, सांगायचं राहिलं.

हैदराबादला गेलो नाही. रोज संध्याकाळी पाच ते सात पट्टी. जवळचं काम काय द्यायचं हा प्रश्न आईने सोडवला. शेंगा निवडणं, ज्वारीतले खडे काढणं, मण्यांची माळ. पहिले दोन आठवडे रडारड, ज्वारीत खडे तसेच राहायचे, भाकरी करकर लागायची आणि आम्ही सगळे मुकाट्याने खायचो. एप्रिलपासून वेगळाच ताप. बेचाळीस डिग्रीत घामाने पट्टी अर्ध्या तासात सुटते. आता कूलरसमोर बसवतो.

डावा डोळा चष्म्यासह ६/२४ चा ६/१२ झालाय. पट्टी एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करू, असं डॉक्टर म्हणाल्या, नाहीतर काही मुलांत दृष्टी पुन्हा घसरते.

माशी अजून नाही. परवा पुन्हा दाखवली. बोट खाली आणलं, कागदाच्या जरा वर अडखळल्यासारखं थांबलं, मग टेकवलंच. बायको म्हणते थांबलं होतं. मला खात्री नाही.

---

मागकाका | २० मे, सकाळी ९:०५

ज्वारीत खडे राहत असतील तर मालदांडी घ्या, दाणा मोठा असतो. खडा लगेच कळतो.

माझं उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. किटली अजून मिळालेली नाही.